डोंगराचेही फोटो काढून मिळतील

लग्नाचा फोटोवाला होता, पण नवरा-नवरीकडं त्याची कायम पाठ असायची.

हे मी गमतीनं सांगत नाही, डोळ्यानं बघितलंय. भटजी मंगलाष्टकाला आवाज लावतोय, वऱ्हाडी मुठीत अक्षता धरून उभे, नवरीच्या मामाला घाम फुटलाय, आन् हा गडी स्टेजच्या कडेला उभा राहून मंडपाच्या फटीतून बाहेर बघतोय. बाहेर काय? काही नाही. माळ. माळावर एक बाभळ, बाभळीखाली शेळी.

"अय, इकडं बघ की बे!" कुणीतरी वरडायचं. मग दचकून वळायचा, दोन-चार फोटो ओढायचा आन् मान परत बाहेर.

"मामा, उजेड चाललाय," एवढंच मला म्हणायचा. जसा काही ह्याचा सख्खा भाऊ एसटीत बसून निघालाय.

त्याचं नाव लिहीत नाही. मी त्याला कधी नावानं हाक मारलीच नाही. केजमधी सगळे फोटोवाला म्हणायचे, मी बे म्हणायचो. माझी बायको त्याला "पोरा" म्हणायची, आन् पोरगा चांगला चाळिशीला टेकलेला, ह्या एवढ्या मिशा.

केजला रस्त्यावर माझं दोन खोल्यांचं घर आहे. मी जीप चालवायचो, काळी-पिवळी. केज ते मांजरसुंबा, मांजरसुंबा ते केज, सगळी जिंदगी त्याच रस्त्यावर घासली. पुढची खोली भाड्यानं द्यायचो. हा एक दिवस कॅमेऱ्याची पिशवी आन् पत्र्याची पेटी घेऊन दारात आला. खोली बघितलीच नाही. खिडकी बघितली. खिडकीतून लांबवर डोंगराची एक कड दिसते. आम्ही तिथंच म्हातारे झालो, पण त्या कडेकडं कधी बघितलं नव्हतं.

"घेतली," म्हणला.

"आरं, वरून गळतं."

"गळू द्या."

बायको आतून म्हणली, "येडं हाय का काय?"

मी म्हणलं, "येडं असलं तरी खोली साफ ठेवंल असं दिसतंय." तेबी खरं निघालं नाही.

त्यानं पेंटरकडून पाटी करून आणली. 'येथे लग्न, साखरपुडा व बारशाचे फोटो काढून मिळतील.' पाटी टांगली आन् तिच्यासमोर येरझाऱ्या घालत बसला. बसला म्हणजे बोलायची रीत, तो बसायचा कुठं? शेवटी स्वतःच ब्रश घेतला आन् खाली वाकड्या अक्षरात लिहिलं, 'डोंगराचेही'. बाजाराला आलेली माणसं पाटीखाली थांबून हसायची.

"ओ फोटूवाले, डोंगर कवा घिऊन यिऊ? सकाळी का दुपारून?"

हा तोंड न हलवता सांगायचा, "आणू नका. मीच जातो."

एका जागी थांबणं त्याच्या रक्तात नव्हतं. चहा उभ्यानं. भाकरी हातावर घेऊन दारात. चपला काढायचा त्या तोंड रस्त्याकडं करून. बायको म्हणायची, "ह्याच्या चपला बी ह्याच्या घरात यायला राजी न्हाईत." मला त्या वेळी त्याच्या ह्या वळवळीचा राग यायचा. माणसानं बूड टेकावं, चार शब्द बोलावं. आता बायको गेल्यापासून मी स्वतः एका जागी बसत नाही. सकाळी उठून स्टँडवर जातो, कुठली लागली ती एसटी धरतो, मांजरसुंब्याला धाब्यावर चहा पितो, माघारी येतो. घरात आलो की परत उठावंसं वाटतं. तेव्हा त्याच्याबद्दल जास्त बोलायचा मला हक्क राहिला नाही.

लग्नाला जायचं तर माझीच जीप. रिकामी नेणं परवडायचं नाही म्हणून मी बाकीची शिटं पण भरायचो, आन् हा पुढं माझ्याशेजारी. घाटात आलो की सुरू. "थांबा मामा, थांबा!" मी ब्रेक मारायचो, माणसं एकमेकांवर. हा उडी मारून कडेला. ढगाची सावली डोंगरावरून चालली, की ती खाली उतरेपर्यंत हा हलायचा नाही.

एकदा मागं एक म्हातारी बसली होती, लेकीकडं निघालेली. तिनं बाहेर वाकून बघितलं.

"अगं बया, ह्याला लागली का काय जोराची?"

"न्हाई आज्जी, फोटू काढतोय."

"कशाचा?"

"डोंगराचा."

म्हातारीनं डोंगराकडं एकदा निरखून बघितलं. मग म्हणली, "त्यो काय पळून चाललाय व्हय?"

अख्खी जीप हसली. हा परत येऊन बसला, तिच्याकडं वळून म्हणला, "आज्जी, डोंगर राहतोय. त्याच्यावरचं चाललंय." म्हातारीनं मला खुणेनं विचारलं, ह्याचं डोकं ठीक हाय का. मी गाडी सोडली.

एका पुढाऱ्याच्या पोराचं लग्न त्यानं काढलं. मोठं लग्न, गाड्यांच्या रांगा. अल्बम द्यायला मी पण सोबत गेलो, कारण एकट्यानं जायला तो भीत होता. पुढाऱ्यानं पहिलं पान उघडलं. गावाबाहेरचं तळं, त्यावर धुकं. दुसरं पान, आचाऱ्याच्या कढईच्या सावलीत झोपलेलं कुत्रं. तिसऱ्यावर दोन लेकरं एका फुग्यासाठी भांडतायत. पुढाऱ्यानं चष्मा काढून पुसला.

"लग्न माझ्या पोराचं व्हतं का तळ्याचं?"

"तळं पहाटंच तयार झालतं," हा म्हणला. "नवरीला उशीर झाला."

मी मनात म्हणलं, आता खातो मार. पण पुढाऱ्यानं पुढचं पान उलटलं. त्यावर त्याची आई होती. कोपऱ्यात खुर्चीवर, कुणाचं लक्ष नसताना, नातसुनेच्या शालूची किनार बोटानं चाचपून बघत असलेली. पुढारी त्या पानावर लई वेळ थांबला. मग अल्बम मिटून काखेत धरला. म्हातारी वारली तेव्हा भिंतीवर तोच फोटो लागला.

असंच होतं त्याचं. लोक शिव्या द्यायचे आन् परत बोलवायचे. केजच्या कितीतरी घरात मेलेल्या माणसाचा जो फोटो भिंतीला आहे, तो ह्यानं काढलेला. आन् माझ्याच घरात नाही. हे पुढं सांगतो.

दसरा झाला की आमच्याकडच्या उसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरला ट्रॉल्या, ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं. एका वर्षी हा त्यांच्यात चढून बसला. ऐन लग्नसराई तोंडावर, लोकांना तारखा दिलेल्या, आन् हा ट्रॉलीत. मला जाता जाता हात हलवतोय.

"आरं, लग्नं कोण काढंल?"

"लग्नं दरवर्षी होत्यात मामा!"

"ही टोळी बी दरवर्षीच जाती!"

"ही लेकरं पुढच्या वर्षी एवढीच राहणार हायत का?"

ट्रॅक्टर निघून गेला. तारखा दिलेल्या लग्नाच्या पार्ट्या माझ्या दारात. मी जीपवाला माणूस, मी काय फोटो काढू? सगळ्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला आला तो काळा ठिक्कर, मिशीत पाचटाची धूळ, आन् पिशवीभर फोटो. रस्ते, नद्यांचे पूल, उसाच्या ढिगावर झोपलेली लेकरं, पहाटेच्या चुली. म्हणला, टोळीतली माणसं म्हणत होती, आमच्या लेकराचा बारीकपणीचा फोटूच न्हाई, मोठं झाल्यावर त्याला दावायचं काय? म्हणून काढले. आता वस्त्यांवर जाऊन देणार.

माझ्या बायकोनं ते फोटो दारात बसून एकेक बघितले.

"सगळी लेकरं ठाण्यात बसवल्यावाणी हायत," ती म्हणली.

खरंच होतं. त्याच्या मिशा, आन् कॅमेरा डोळ्याला लावला की कपाळाला ह्या एवढ्या आठ्या. लेकरू एकतर रडायचं, नाहीतर श्वास कोंडून उभं राहायचं. डोंगराला त्याची भीती वाटत नव्हती, लेकरांना वाटायची.

"मंग तुमी चला मामी. हसवा."

बायको लाजली. पदर तोंडाशी नेला. तिची ती सवयच होती. तिचे वरचे दोन दात जरा पुढं होते. लग्नाआधी तिला बघायला आम्ही गेलतो, तेव्हा माझ्या एका चुलतीनं भर बैठकीत सांगितलं, "पोरगी चांगली हाय, दात तेवढे पुढं हायत." ती चुलती कधीच मेली. पण तिचं ते वाक्य माझ्या बायकोच्या तोंडावर जल्मभर बसून राहिलं. हसू आलं की पदर. जेवताना पदर. माझ्यासमोर सुद्धा. तिचं हसणं मी नुसतं डोळ्यात बघितलंय. आन् फोटो तर नाहीच. कुणी मोबाईल वर केला की ही पाठ करून उभी.

तरी ती त्याच्यासोबत जायला तयार झाली. अट घातली.

"मी यीन. पण तुझं ते डबडं माझ्याकडं वळवायचं न्हाई. कवाच न्हाई. वळवलं तर चुलीत घालीन."

"न्हाई वळवत."

"अशी न्हाई. आईची आण घे."

त्यानं आण घेतली. मी तिथंच होतो, बिडी ओढत. मनात म्हणलं, हा माणूस दिलेल्या तारखेला लग्नात येत नाही, हा काय आण पाळणार?

मग आम्ही तिघं हिंडलो. मी गाडी हाकायचो, हा शेजारी, ती मागं. डोंगरातल्या वस्त्या, तांडे, दसऱ्याला निघायला उभ्या उसाच्या ट्रॉल्या, कुणाचं बारसं, कुणाचा वाढदिवस. वस्तीवर पोचलो की ती मला म्हणायची, "तुमी गाडीपाशीच थांबा." मी थांबायचो. मला काय, बोनट उघडून बसायचो. घरांच्या मागून लेकरांचं हसणं यायचं. साधं हसणं नाही, खिदळणं, लोळण घेऊन हसतात तसं. थोड्या वेळानं दोघं यायचे. तिचा पदर तोंडाशी, आन् डोळ्यात पाणी येईस्तोवर हसून झालेलं.

"काय केलंस गं एवढं?"

"काय न्हाई. लेकरंच हायत. हसत्यात."

ह्याला विचारलं तर हा डोंगराकडं बघायचा.

मग आमच्या पोरीचं लग्न झालं. एकुलती एक पोरगी, तेलगावला दिली. व्हिडिओवाला सांगतो म्हणलं तर हा रुसला. "मी हाय की मामा, घरातलं लग्न हाय." मी त्याच्यावर भरवसा ठेवला. कन्यादानाला मी आन् बायको पाटावर बसलो. उभ्या हयातीत आम्ही दोघं एका चौकटीत शेजारी बसायची ती एकच वेळ. नवी साडी होती, नाकात नथ होती. आन् अल्बम आला तेव्हा कन्यादानाच्या जागी काय? कुणाच्यातरी मांडीवर बसलेलं एक लेकरू, तोंडात अख्खी बुंदी कोंबलेलं.

मी अल्बम फेकला. "कावून बे? माझ्याच घरी? सगळ्या गावाचं कन्यादान काढलंस, माझं नव्हतं सुचत?"

तो उभा होता. खाली बघत होता. म्हणला, "चुकलं मामा."

"चुकलं म्हणजे? उजेड चाललता का?"

बायको मधी पडली. "जाऊ द्या वो. लग्न लागलं ना? लागलं. पोरगी नांदाय गेली ना? गेली. मंग फोटूवाचून काय अडलंय?"

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढं एक दिवस तो गेलाच. भांडण होतं म्हणून नव्हे. खिडकीतून डोंगराची कड दिसायची तिथं कुणीतरी दोन मजले चढवले, डोंगर झाकला गेला. त्या आठवड्यातच त्यानं पेटी उचलली. पाटी तशीच राहिली. मी काढायला गेलो तर बायको म्हणली, "राहू द्या. कुणाला टोचतीय?" म्हणून अजून आहे. ऊन-पावसानं वरच्या ओळी उडाल्या, 'डोंगराचेही' तेवढं राहिलंय.

बायको गेल्या वर्षी गेली. दुखणं लांबलं नाही. ह्यावर मी जास्त लिहिणार नाही.

दहाव्याला भाऊबंदांनी चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं. फोटो पाहिजे. घरात नाही. पोरीच्या मोबाईलमधी तीन-चार निघाले, एकात पाठ, एकात पदर, एकात नुसता हात. शेवटी आधार कार्डावरचा मोठा केला. तो काढताना तिनं दात झाकायला ओठ आवळून धरले होते, डोळे वटारलेले. अनोळखी बाई दिसते. पोलिसात तक्रार द्यायला आलेली. ते तोंड एवढं मोठं करून चौकात, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, त्याखाली भाऊबंदांची तोंडं, ती मात्र सगळी हसरी. मी त्या चौकातून जाणं सोडलं.

पुढं फ्लेक्स उतरवला. नंतर एकदा एसटीतून जाताना बघितलं, तर रस्त्याकडंच्या एका शेतात कडब्याच्या गंजीवर तोच पांघरलेला. उलटा, डोकं खाली. गाडी पुढं निघून गेली. फ्लेक्स दणकट असतो, माणसं कामाला लावतात, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

पण तेव्हापासून एक झालं. मी डोळे मिटून तिला आठवायला गेलो की ते कार्डावरचंच तोंड यायला लागलं. आवळलेले ओठ. तिचं खरं तोंड पुसत चाललं. एवढी वर्षं शेजारी निजलेली बाई, आन् तिचं तोंड मला सापडेना. घरात बसलो की ते तोंड, म्हणून बाहेर. बाहेर गेलो की वाटायचं, घरात सापडंल. असा नुसता हिंडत होतो.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी पोरगी फोनवर म्हणली, "आबा, मायचा फोटू भिंतीला पायजे. आधारचाच फ्रेम करू का?"

"त्यो लावलास तर मी घर सोडून जाईन," मी म्हणलं.

ती म्हणली, "त्यो फोटूवाला हाय ना, आमच्या तेलगावात दिसला. गावाबाहेर, उसाच्या फडात. त्यानं कवा काढला असंल, तर..."

मी तसाच उठलो. एसटीत उभ्यानं गेलो. जागा होती, तरी उभ्यानं. सगळ्या रस्त्यात एकच डोक्यात. त्यानं आण मोडली असली पाहिजे. चोरून का होईना, एक तरी काढला असंल. असल्या माणसाच्या आणेला काय किंमत? मी देवाजवळ कधी काही मागत नाही. त्या दिवशी मागितलं, की हा माणूस लबाड निघू दे.

तेलगावच्या पुढं एका फडाच्या बांधावर तो पालथा पडला होता. समोर दोन झाडांना लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीतून लेकराचा एक पाय बाहेर. मिशा पांढऱ्या झालेल्या. एवढ्या वर्षांनी भेट, आन् पहिलं वाक्य काय? मान न वळवता म्हणला,

"मामा, हलू नका. तुमची सावली पडतीय."

मी हललो नाही. त्यानं फोटो काढला, उठला, मातीचे हात पँटीला पुसले. माझ्याकडं बघितलं आन् मग माझ्या मागं बघितलं.

"मामी?"

"गेली."

त्यानं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. एवढा उजेड असताना झाकण लावलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मी सरळ विचारलं. "तिचा एक तरी काढला असशील बे. लपून. लांबून. कसाबी."

"न्हाई मामा."

"खोटं बोलू नको. मी काय म्हणणार न्हाई."

"आईची आण घेतली व्हती."

"जिंदगीत एका माणसाचा शब्द पाळला न्हाईस!" मी वरडलो. झोळीतलं लेकरू दचकून उठलं. "लोकांची लग्नं अर्ध्यात सोडून पळालास. आन् पाळायला तुला हाच घावला?"

तो म्हणला, "बाकीच्यांनी लई काय काय मागितलं, मामा. मामीनं येवढं एकच मागितलं."

मग खाली बघत म्हणला, "कन्यादानाला मी समोरच व्हतो. डोळ्याला लावला व्हता. मामींनी माझ्याकडं बघून अशी मान हलवली. म्हणून तिकडं वळलो, त्या बुंदीवाल्या लेकराकडं."

"मंग तवा कावून सांगितलं न्हाईस?"

"मामी म्हणली, सांगू नको. त्यांना वाईट वाटंल."

मी बांधावर बसलो. त्याला दिलेल्या शिव्या मी परत घेतल्या नाहीत. बाकीच्या लग्नांसाठी त्या लागूच होत्या.

त्याची खोली जवळच होती. त्यानं पत्र्याची पेटी उघडली, फोटोंचे गठ्ठे काढले आन् जमिनीवर मांडायला लागला. लेकरं. वस्तीवरची, तांड्यावरची, ट्रॉलीतली. नागडी, शेंबडी, झिंज्या पिंजारलेली. सगळी हसतायत. एकाचे तर डोळेच मिटलेत हसून.

"ह्यात ती कुठंय?" मी म्हणलं.

"ह्यात न्हाई. पण ही बघतायत कुठं, ते बघा."

मी बघितलं. एकही लेकरू कॅमेऱ्याकडं बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे जरा बाजूला, जरा वर. सगळ्यांचे एकाच जागी.

"मामी माझ्या ह्या खांद्यामागं उभी राहायची," तो म्हणला.

"काय करायची ती?"

तो घुटमळला. मग उभा राहिला. कमरेत वाकला, काल्पनिक पदर खांद्यावरून मागं टाकला, दोन्ही हात डोक्यावर कानासारखे उभे केले, आन् वरचे दात खालच्या ओठावर काढून नाक फुरफुर हलवायला लागला.

"ससा," म्हणला. "मामी ससा करायची. पदर सोडून. आख्खं तोंड उघडं टाकून हसायची. लेकरं म्हणायची, ससाआज्जी आली."

पांढऱ्या मिशांचा तो एवढा बाप्या, दात काढून ससा करतोय. मला हसू फुटलं. हसता हसता दुसरंच काही झालं, ते त्यानं बघितलं नाही. खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. बाहेर बघायची सवय माणसाला कधीतरी कामाला येते.

चुलतीनं नावं ठेवलेले दात. माझ्यापासून झाकलेले. आन् डोंगरातली सगळी लेकरं ते बघून लोळत होती. मी बोनट उघडून गाडीपाशी.

एक फोटो मी मागून घेतला. उसाच्या ट्रॉलीतली एक पोरगी, पुढचे दोन दात पडलेले, आन् ती स्वतःच ससा करायला बघतेय, पण हसू आवरत नाही. माझ्या पोरीला म्हणलं, हा फ्रेम कर.

"आबा, येड लागलं का? श्राद्धाला मायच्या जागी ही कोण? आन् हार कुणाला घालायचा? जित्या लेकराच्या फोटूला हार घालत असत्यात व्हय? अपशकुन!"

खरं बोलत होती. ती पोरगी आता कुठंतरी मोठी झाली असंल, हसत असंल. तिला हार कसा घालू? मग तो फोटो मी स्वतःच फ्रेम करून भिंतीला लावला आन् समोरच्या भिंतीला एक खिळा ठोकला. फोटोतली पोरगी जिकडं बघते, तिकडं. नुसता खिळा. त्याला हार घातला.

वर्षश्राद्धाला पाहुणे आले. बघून कुजबुजले. एकानं विचारलंच, "फोटू पडला का काय खाली?" मी म्हणलं, "न्हाई. हाय तिथंच हाय." पोरगी स्वयंपाकघरातून रागानं बघत होती.

दुपार कलली तेव्हा हा आला. दारात उभं राहून आधी फोटो बघितला, मग वळून खिळा बघितला. फोटोसमोर गेला, वाकला, एक डोळा बारीक केला.

"मामा, चुकलंय. चार बोटं डावीकडं पायजे. आन् खाली घ्या, मामी बुटकी व्हती."

सगळ्या पाहुण्यांदेखत मी हातोडी आणली. खिळा उपटला, चार बोटं डावीकडं, वीतभर खाली ठोकला. हार परत घातला. पोरगी दाराशी आली होती. ती फोटोतल्या पोरीकडं बघायची, हाराकडं बघायची, परत पोरीकडं. मग तिनं खिळ्याखाली पाट मांडला, उदबत्ती लावली आन् सगळ्यांची पानं वाढायला घेतली.

त्याचं पान मी दाराजवळ मांडायला सांगितलं होतं, उठून जायला बरं म्हणून. त्यानं ते उचललं आन् आत आणलं. चपला कशा काढल्या होत्या ते मी बघितलं नाही. फोटो आन् खिळा यांच्या मधल्या जागेत मांडी घालून बसला, दाराकडं पाठ करून.

बाहेर रस्त्यावर पिवळं ऊन पडलं होतं, असल्या वेळी तो पूर्वी भर पंगतीतून पळायचा. मी वाट बघितली. शेवटी मीच म्हणलं, "बे, उजेड चाललाय."

"जाऊ द्या," म्हणला, आन् वाटी पुढं करून पोरीकडं आणखी आमटी मागितली.